नवरीच्या साडीची घडी

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या दुकानात फोटो यायला लागतात. बायका नंतर येतात, आधी फोटो येतात. फोनवर. एखादी नटी पाठमोरी उभी, ब्लाउजची पाठ म्हणजे नुसती एक दोरी, आणि खाली लिहिलेलं, ‘मावशी, सेम असंच.’ मी चष्मा लावते, दोन बोटांनी फोटो मोठा करते आणि बघत बसते. नटीकडे नाही. काखेकडे, खांद्याच्या शिवणीकडे, कमरेच्या मागे जिथं मुद्दाम अंधार ठेवलाय तिकडे. मग उत्तर पाठवते, ‘ही बाई फोटोत श्वास घेत नाहीये. तुला लग्नात जेवायचं असेल ना?’

सीमाभागातल्या अनगोळात माझं शिवणकामाचं दुकान आहे. पाटीवर वर कानडी, खाली मराठी आणि मधे ‘बुटीक’ हा शब्द, जो माझ्या मुलीनं हट्टानं लिहायला लावला. मला त्या शब्दाचा संशयच येतो. पण लग्नसराईतली इथली हवा मला आवडते, एवढं खरं. सकाळी उशिरापर्यंत धुकं असतं, शेजारच्या गॅरेजवाल्याची कानटोपी उन्हं चढेपर्यंत निघत नाही. नव्या कापडाच्या खळीचा वास, इस्त्रीखालच्या ओल्या फडक्यातून निघणारी वाफ, मशीनच्या तेलाचा डाग पुसताना बोटांना लागणारा गारवा. लांब कुठेतरी बँडवाल्यांची तालीम चालू असते, ठरलेली गाणी, ठरलेल्या जागी बेसूर. हे सगळं जमून आलं की मला तीन-चार वर्षांपूर्वीची एक लग्नसराई आठवते, वडगावातल्या दीपाच्या लग्नाची. आठवते म्हणजे मी हळवी होते असं नाही. अजून त्यातल्या काही गोष्टींची शहानिशा व्हायची आहे, म्हणून आठवते.

माझ्या संशयाचा लोक चुकीचा अर्थ काढतात. त्यांना वाटतं, मला फॅशनचा राग आहे. रागावलेली बाई इतकी वर्षं रोज सकाळी चहाच्या कपासोबत परदेशातले रॅम्पवरचे कार्यक्रम बघत बसेल का? आमचे हे पेपर खाली करून म्हणतात, “काय बघतीस गं ती हाडं?” मी हाडं बघत नाही. मी कापड चालताना बघते. एकदा एक मुलगी साधा काळा कोट घालून आली. ना बटण, ना नक्षी. टोकाला येऊन ती वळली, आणि कोट तिच्या मागून, क्षणभर उशिरा वळला. जणू त्याला वेगळं सांगावं लागलं. तेवढ्यासाठी मी ती चित्रफीत पुन्हापुन्हा बघितली. कापड आडवं-तिरकं किती बेतलं असेल, खालच्या काठात वजन शिवलं असेल का, याचा हिशेब करत राहिले. आणि त्याच वेळी हेही दिसलं की तिचे बूट तिच्या पायांना मोठे होते. टाचेमागे बोट जाईल एवढी फट. म्हणजे कोट तिचा नाही, बूट तिचे नाहीत, चालणं शिकवलेलं. खरं होतं ते फक्त ते वळणं.

हे असं दोन्ही एकदम दिसण्याची सवय फार जुनी आहे. शाळेत असताना कॅम्पात एक रद्दीवाला होता. लष्करातल्या साहेबांची बदली झाली की त्यांच्या घरची मासिकं गठ्ठ्यानं त्याच्याकडे येत. जाड गुळगुळीत कागद, उलटताना अत्तराचा शिळा वास. एका पानावर एक गोरी बाई डोक्याएवढ्या उंच पिकात पांढरा कोट घालून उभी होती. मी बघतच राहिले. इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं. आणि लगेच मनात आलं, ही तिथवर गेली कशी? निपाणीकडे माझ्या मामाचा ऊस होता. उसाचं पान नुसतं घासलं तरी हात चिरतो. हिच्या कोटावर एक ओरखडा नाही. म्हणजे पीक कापून वाट केली असणार, हिला नेऊन उभी केली असणार, आणि कापलेलं पीक परत तिच्यापुढं धरून कोणीतरी पानाच्या बाहेर बसलं असणार. मी खाऊच्या पैशांत ते मासिक विकत घेतलं. घरी येऊन आईला माझा शोध सांगितला. आई म्हणाली, “खोटं हाय तर मग आणलंस कशाला?”

सिनेमाचंही तसंच. आई पदरात तोंड घालून रडायची आणि मी शेजारी बसून नायिकेचं ठिगळ बघायची. सिनेमातल्या गरीब मुलीच्या ब्लाउजला ठिगळ नेहमी दंडावर असतं, नीट चौकोनी, रंगाला रंग जुळवून. ब्लाउज कधी दंडावर फाटतो का? तो काखेत फाटतो. घामानं कापड कुजतं आणि हात वर केला की टर्रकन जातं. पण काखेतलं ठिगळ पडद्यावर कोण दाखवणार? शिवाय त्या गरीब मुलीच्या ब्लाउजची फिटिंग अशी, की आमच्या कॅम्पातल्या मॅडमना हेवा वाटावा. कुणी शिवला तो? मध्यंतरात मी आईला विचारायची आणि आई म्हणायची, “गप बस. चांगलं रडू येत होतं.”

तर दीपाची लग्नसराई.

वडगावात आणि शहापुरात विणकरांची घरं. आता बहुतेकांकडे पावरलूम आहेत, गल्लीत शिरलं की बोलणं मोठ्यानं करावं लागतं. परशुरामअण्णांकडेही पावरलूमच. मी माझ्या गिऱ्हाइकांसाठी त्यांच्याकडून साड्या नेते, त्यामुळे घरात येणं-जाणं. मागच्या खोलीत त्यांच्या वडिलांचा जुना हातमाग होता, तो त्यांनी मोडला नव्हता. त्याचा उपयोग एवढाच, की पावसाळ्यात त्याच्यावर कपडे वाळत पडत. दीपा त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं निपाणीला ठरलं, तसे अण्णांनी मागावरचे कपडे काढले, दांड्या पुसल्या, आणि स्वतः मागावर बसले. पोरीची लग्नातली साडी आपल्या हातानं विणायची. शांतावहिनी, त्यांची बायको, सगळ्या गल्लीत सांगत होती, “ह्यास्नी आता काय सुचंना बघा. जेवाय हाक मारली तर म्हणत्यात, काठ संपू दे.”

साडी झाली. डाळिंबी अंग, मोहरीच्या फुलासारखा काठ, लाल-पांढरा पदर. मला बघताक्षणी आवडली, आणि बघताक्षणी आवडलेल्या गोष्टीची मी दुसऱ्यांदा तपासणी करते. उलटी बाजू बघितली. काठ ओढून बघितला. पदर अंगाला जिथं जोडतात, तिथं नख फिरवून बघितलं. खोट सापडली नाही. वहिनींनी साडीची घडी घातली, घडीवर हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि साडी कोनाड्यात देवाशेजारी ठेवली. विणकराच्या घरचा हा कायदा आहे. नवरीच्या साडीची घडी नवरीनंच मोडायची. आधी दुसऱ्या बाईनं ती अंगाला लावली, तर ती साडी बोहल्यावर चालत नाही. मग ती नुसती साडी.

आणि इकडे माझ्या दुकानात, पडद्यामागे, दीपाच्या लेहेंग्याचं काम चालू होतं. दीपा फोनच्या शोरूममध्ये कामाला, हुशार, बोलायला फटकळ. गुलाबी कापड ती स्वतः घेऊन आली होती. “रिसेप्शनला घालीन मावशी. घरी बोलू नका एवढ्यात.” मला काय, मी शिवणार. पण रिसेप्शनच्या लेहेंग्यासाठी मुली इतक्यांदा मापं द्यायला येत नाहीत. एक दिवस आरशासमोर ओढणी डोक्यावर घेऊन ती सहज म्हणाली, “मावशी, ह्याच्यावर मुंडावळ्या बसतील न्हवं नीट?”

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, त्या मी एकेक करून कमरेला लावत राहिले. पण रिसेप्शनला मुंडावळ्या कोण बांधतं?

म्हणजे ठरलेलं होतं. अक्षता लेहेंग्यावर पडायच्या होत्या, आणि बापाला सांगायची हिंमत पोरीला होत नव्हती. तिकडे तो बाप गल्लीभर साडीचं कौतुक सांगत हिंडत होता.

अशात मला मुंबईहून फोन आला. रिया नावाची मुलगी, एका मासिकासाठी कपड्यांची मांडणी करणारी. हातमागाच्या साड्या आणि लग्न असा काहीतरी विषय, फोटो विणकरांच्या घरातच काढायचे, आणि मॉडेलच्या मापाचे ब्लाउज शिवायला, टाचण्या लावायला इथलं कोणीतरी हवं. माझं दुकान तिला फोनवर सापडलं होतं. मी ताबडतोब हो म्हटलं. जन्मभर ज्या पानांच्या बाहेर उभी राहून आत बघत आले, त्या पानाच्या मागे जायला मिळत होतं. फोन ठेवल्यावर मग शंका काढायला बसले. वडगावच का? या साड्या परत कोण देणार? हातमागच हवा, तर मग पावरलूमच्या खडखडाटाचं काय करणार? पण घर मीच दाखवलं, परशुरामअण्णांचं. त्यांच्याकडेच मागच्या खोलीत चालू स्थितीतला माग होता.

रिया आली ती पुरुषी शर्टात, केस बारीक कापलेले, कमरेला पिशवी आणि पिशवीत चिमटेच चिमटे. मला वाटलं होतं, नुसती इंग्रजी झाडणारी असेल. पण तिनं एका हातानं साडी झटकून निऱ्या घातल्या, तेव्हा माझं तोंड बंद झालं. बोटं माहितगार होती. मॉडेल तिच्याहून उंच. गालफडं वर आलेली, डोळे कुठल्यातरी लांबच्या देशाचे, असं मला वाटलं. ती कोपऱ्यात वेताच्या मोढ्यावर बसून होती. शांतावहिनी माझ्या कानाशी, पण वडगावच्या आवाजात, म्हणाली, “सुमनआक्का, ही काय खात न्हाय काय गं? वाऱ्यानं पडंल की.”

वहिनींचा सूर कळायला भाषा लागत नव्हती. मॉडेलनं मान वर केली आणि म्हणाली, “तिंतीनरी अक्का, नीवु कोट्र.” खाते की, तुम्ही दिलंत तर.

ती निघाली गदगची. नाव पवित्रा. बाप सरकारी बसवर कंडक्टर. वहिनींनी जीभ चावली, आणि पुढच्या मिनिटाला तिच्यासमोर भाकरी, शेंगाचटणी आणि दही. रिया कळवळून हिंदीत म्हणाली, “अभी मत खाओ, पेट दिखेगा.” पवित्रा तिच्याकडे बघून गोड हसली आणि जेवली. माझा पहिला संशय असा तोंडावर आपटला, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही.

दोन साड्यांचे फोटो झाले. मी पाठीमागे उभी राहून बघत होते. समोरून पवित्रा म्हणजे देवळातली मूर्ती, आणि मागून ब्लाउजला ओळीनं चिमटे, कमरेला पट्टा, पदराच्या आत चिकटपट्टी. मी लहानपणी पानाच्या बाहेर जे जे असणार म्हणून ताडलं होतं, ते सगळं होतं. मला विलक्षण समाधान वाटलं.

मग रियाची नजर कोनाड्यात गेली. “वो वाली,” ती म्हणाली. “मुझे वो चाहिए.”

“ती न्हाय,” वहिनी पुढं झाली. “ती पोरीच्या लग्नाची हाय. घडी मोडली न्हाय अजून.”

मी रियाला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. फक्त कोनाड्याकडे बघत राहिली, जशी मी रद्दीवाल्याच्या दुकानात बघत राहायचे. तेवढ्यात मागून दीपा म्हणाली, “दे की गं आई. फोटोला तर मागायल्यात. काय झिजणार हाय व्हय?”

फार पटकन म्हणाली. मी वळून तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं. मला सगळं उघड्या पुस्तकासारखं दिसलं. घडी दुसरीनं मोडली की साडी बोहल्यावर चालणार नाही. कायदा आईचा, मोडणार मुंबईची पाहुणी, आणि दीपाला बापासमोर एक अक्षर बोलावं लागणार नाही.

“डोकं फिरलंय का तुझं?” वहिनी ओरडली. “लग्नाची साडी ती!”

अण्णा मागाच्या कडेला बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. ते मागाचा, सुताच्या कांडीचा धोटा या हातातून त्या हातात करत होते. म्हणाले, “दे. फोटोत तरी कोणतरी नेसू दे.”

त्यातला ‘तरी’ मला ऐकू आला. दीपालाही आला असावा, कारण तिचा चेहरा उतरला. म्हणजे बापाला लेहेंग्याची कुणकुण होती.

वहिनींनी बडबडत साडी खाली काढली. आणि अडलं ते भलतीकडेच. पवित्रानं घडीवरचं हळदीकुंकवाचं बोट बघितलं आणि दोन पावलं मागे सरली. “इदु मदुवी सीरी ऐतल्ल?” ही लग्नाची साडी ना? वहिनींनी मान हलवली. “ना उट्कोळ्ळंगिल्ल,” पवित्रा म्हणाली. मी नाही नेसणार. रियानं समजावलं, पण ती ऐकेना. माझी आई मला घरात घेणार नाही, म्हणाली. मग विचार करून, दीपाकडे बोट दाखवून म्हणाली, हिनं एकदा नेसू दे. घडी तिची ती मोडू दे. मग मी नेसते, मग काही नाही.

वहिनींचा चेहरा उजळला. रियानं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, “परफेक्ट.” दीपाला आता सगळ्या बाजूंनी वाट बंद झाली होती.

आतल्या खोलीत मी तिला साडी नेसवली. नवी हातमागाची साडी पहिल्यांदा मोडताना तिच्यातून एक कोरा, पिठूळ वास येतो आणि ती अंगाला लगेच ऐकत नाही. मी निऱ्या चापून घेत होते. दीपा लाकडासारखी उभी.

“मावशी,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही सांगा की आप्पांस्नी.” वडिलांना ती आप्पा म्हणायची.

“काय?”

“तुम्हाला ठावं हाय काय ते.”

“मी ब्लाउज शिवते. निरोप पोचवत नाही.”

“त्यांस्नी वाईट वाटंल.”

“वाटणारच. त्यात विचारायचं काय?”

“माझ्या सगळ्या मैत्रिणींचे फोटो लेहेंग्यातले हाईत. मी एकटीच काकूबाई दिसीन. एकदाच तर असतंय, मावशी.”

मी तिला उपदेश केला नाही. ज्या पोरीनं पांढऱ्या कोटाच्या फोटोसाठी खाऊचे पैसे घातले, तिनं मोठेपणी कुणाला काय सांगावं? मी तिच्या निऱ्या खोचल्या, पदर खांद्यावर टाकला आणि म्हटलं, “चल. पोट आत नको घेऊस, इथं फोटो नाही काढायचा.”

ती बाहेर आली. शूटिंगसाठी पावरलूम बंद ठेवले होते, त्यामुळे त्या घरात कधी नसते तेवढी शांतता होती. अण्णा उठले. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे बघितलंच नाही. आधी पायाशी काठ बघितला, सरळ पडलाय का. मग पदराचा जोड. मग दोन बोटांत पदराची कड धरली आणि सोडली. आणि तिथंच बघत विचारलं, “जड होतीया का गं?”

दीपा म्हणाली, “व्हय आप्पा. लई जड होतीया.”

मी दोन्ही कापडं हाताळलेली बाई. ती आख्खी साडी दीपाच्या लेहेंग्याच्या निम्म्या वजनाचीही नव्हती. लेहेंगा उचलून मशीनवर घालताना माझी पाठ धरायची. आणि परशुरामअण्णांना साडीचं वजन मी सांगायला नको. म्हणजे दोघंही काय बोलत होते ते दोघांना कळत होतं. विचारणाऱ्यानं विचारण्यातच ‘हो’ म्हणायला जागा करून दिली होती.

“मग ऱ्हाऊ दे,” अण्णा म्हणाले. “अक्षतांला तुला झेपंल ते नेस. दिवसभर उभं ऱ्हायचं असतंय.” आणि रियाकडे वळून, “घ्या. आता नेसवा तिला.”

वहिनी तोंड उघडून बघत राहिली. तिला काय झालं ते कळलं नव्हतं, आणि कोणी सांगितलंही नाही.

पुढचा फोटो मी विसरू शकत नाही. रियानं ती साडी पवित्राला निऱ्या न घालता नेसवली, अंगाभोवती गुंडाळून, पदर जमिनीवर लांब पसरलेला, मागाच्या दांडीपर्यंत. खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती, आणि दुसऱ्या बाजूनं एक पांढरा पुठ्ठा धरून तीच तिरीप परत फिरवली होती. मी पुठ्ठा बघत होते, चिमटे बघत होते, तरी माझ्या अंगावर काटा आला. डाळिंबी रंग आतून पेटल्यासारखा दिसत होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो उमटला, तेव्हा दीपा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. बराच वेळ बघत होती. साडीकडे बघत होती की फोटोकडे, ते मला तिच्या तोंडावरून ठरवता आलं नाही. पवित्रानंही बघितला, आणि कानडीत म्हणाली, ही फोटोतली बाई माझ्यापेक्षा श्रीमंत आहे.

मासिक लग्नानंतर आलं, पण त्याचं आत्ताच सांगून टाकते. कुरिअरनं माझ्या पत्त्यावर आलं, मी वडगावात घेऊन गेले. दोन पानं भरून तो फोटो, आणि कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं. अण्णा म्हणाले, “काय लिवलंय?” मी वाचून सांगितलं. ही साडी या घराण्यात पणजीपासून चालत आलेली आहे, चंदनाच्या पेटीत जपलेली. मला वाटलं, अण्णा चिडतील. ते खो खो हसले. “म्हंजे मी माझ्या पणज्यापरास म्हातारा झालो की गं!” वहिनीला त्यातला चंदनाच्या पेटीचा भाग आवडला. ती म्हणाली, “असू दे. बरं वाटतंय ऐकाय.” मी रियाला फोन करून झापणार होते. केला नाही. इतकं सगळं खोटं मांडून त्या पोरीनं रंग मात्र खरा पकडला होता, आणि आमच्याकडे तो रंग तसा कुणी कधी बघितला नव्हता. ते पान माझ्या दुकानात काचेखाली आहे. चिमटे कुठे आहेत ते मी गिऱ्हाइकांना बोट लावून दाखवते. त्यांना दिसत नाहीत. बऱ्याचजणी म्हणतात, “मावशी, सेम असंच.”

लग्न निपाणीला झालं. दीपा गुलाबी लेहेंग्यात आली आणि सुंदर दिसत होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. मुंडावळ्या ओढणीवर नीट बसल्या होत्या. फोटोवाल्यानं तिला मंडपात शिरताना परत मागे नेऊन पुन्हा चालायला लावलं, आणि ती चालली, हनुवटी वर, नजर लांब. कुठं शिकली कोण जाणे. मी घेर बघत होते. घेर छान पडला होता. अक्षता पडल्या. अण्णा फेटा बांधून दाराशी उभे, येणाऱ्याला हात जोडत. त्यांच्या गल्लीतला एक जुना विणकर, तोंडाचा मोकळा, सगळ्यांच्या देखत म्हणाला, “काय रं परशा, साडी कुठाय तुझी? मागावर कपडे वाळत घालायचं सोडून विणाय बसलातास म्हणं!”

“जड व्हायली रं तिला,” अण्णा म्हणाले, आणि पुढच्या पाहुण्याला हात जोडले.

दीपा नवऱ्याबरोबर जेवायच्या पंगतीकडे निघाली होती. ती तिथंच थांबली. ऐकलं तिनं. नवरा काहीतरी विचारत होता, तिचं लक्ष नव्हतं. मग ती पुढं गेली.

दुपार उतरली. गाडी फुलं लावून दारात आली. आणि दीपा पाठवणीला खोलीतून बाहेर आली ती डाळिंबी साडीत. कुणी नेसवली नव्हती, घाईनं स्वतःच नेसली होती. निऱ्या एका बाजूला ओढलेल्या, काठ डाव्या पायाशी वर चढलेला. फोटोवाला धावत आला आणि म्हणाला, मॅडम, लेहेंग्यातच घेऊया ना पाठवणी. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. वहिनी रडायचं विसरून म्हणाली, “आता हे काय गं मधीच?”

“लेहेंगा टोचायलाय,” दीपा बापाकडे बघत म्हणाली. “सकाळपासनं टोचायलाय, आप्पा. गाडीत बसवंना.”

त्या लेहेंग्याला मी आतून मऊ मलमलचं दुहेरी अस्तर लावलं होतं. हातानं. कमरेची प्रत्येक शिवण आत दाबली होती, जरीचा धागा कुठेही कातडीला लागणार नाही अशी. टोचायला त्यात जागा नव्हती. हे दीपाला माहीत होतं, शेवटच्या मापाला तिनंच मला म्हटलं होतं, मावशी, उशीत बसल्यासारखं वाटतंय.

अण्णा लेकीकडे बघत राहिले. मग त्यांची नजर गर्दीतून माझ्यावर आली. शिवणारी मीच. त्यांनी सगळ्यांच्या देखत मला विचारलं, “काय गं सुमन? टोचतंय व्हय असलं कापड?”

माझ्या शेजारी माझी दोन गिऱ्हाइकं उभी होती. दोघींच्या मुलींची लग्नं त्याच सराईत, दोघींचे लेहेंगे माझ्याकडे टाकलेले. दोघींनी कान टवकारले.

“टोचतंय, अण्णा,” मी म्हटलं. “अस्तर हलकं लागलं माझ्याकडून.”